अंगावर उठलेलं, अंगावर काढलेलं

एप्रिल २०२१. रात्री साडेअकराच्या सुमारास मोबाइलवर एक फोटो आला. नाशकातल्या सिडकोत राहणाऱ्या एका मुलानं आपल्या आईच्या पाठीचा काढलेला. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, हात थोडा हललेला, कडेला वर सारलेल्या गाऊनची चुणी. पाठभर मसुराच्या डाळीएवढे चट्टे, कमरेपासून खांद्यांपर्यंत, काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेले. खाली ओळ होती, "सर, आईला हे उठलंय. ताप काल उतरला. करोनाचंच असेल का?" मी तीन प्रश्न विचारले. खाज आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत आणि ऑक्सिजन किती दाखवतोय. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याचं आलं, "८९. सर, कुठं बेड मिळेल का?"

त्यानंतर पाठीचा विषय आमच्यात निघाला नाही. पहाटे चारपर्यंत फोनाफोनी चालली, बेड मिळाला, बाई अकरा दिवसांनी घरी आल्या. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मायलेक दवाखान्यात आले तेव्हा मी मुद्दाम विचारलं, ते चट्टे केव्हा गेले हो? बाई मुलाकडं बघायला लागल्या, मुलगा माझ्याकडं. कुणालाच आठवत नव्हतं. मुलानं तो फोटोही केव्हाच पुसून टाकला होता. माझ्याकडचा राहिला होता. बाईंची परवानगी घेऊन तो या पुस्तकात छापला आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं करोना आणि त्वचा या विषयावर पुस्तक करायचं ठरवलं आणि प्रस्तावना माझ्याकडं मागितली, तेव्हा माझं पहिलं उत्तर होतं, "कशाला?" नाशकात तीसेक वर्षं लोकांची कातडी पाहण्यात घालवलेल्या माणसानं असं म्हणावं हे बरं नाही, पण मला खरंच तसं वाटत होतं. ज्या शहरात २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि एका दुपारीत २२ माणसं श्वासावाचून गेली, ज्या शहरात तासभर बाजारात जायला ५ रुपयांची पावती फाडावी लागत होती, तिथं पुरळ हा काय लिहिण्याचा विषय? तिनं वाद घातला नाही. दोन आकडे तेवढे पाठवले. ०.२ आणि २०.४.

पहिला आकडा चीनचा. जानेवारी २०२० अखेरपर्यंतच्या १,०९९ रुग्णांची माहिती तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. ताप, खोकला, दम, जुलाब, सगळ्याच्या नोंदी. अंगावर पुरळ असलेले त्यात दोन. म्हणजे ०.२ टक्के. दुसरा आकडा उत्तर इटलीतल्या लेक्को गावच्या रुग्णालयाचा, त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी आलेला. तिथं डॉक्टर इतके कमी पडत होते की त्वचारोगतज्ज्ञांनाही करोना वॉर्डात उतरावं लागलं. त्यांनी १४८ रुग्णांची यादी केली. त्यातल्या ज्या ६० जणांना गेल्या पंधरा दिवसांत नवं औषध सुरू झालं होतं त्यांना बाजूला काढलं, कारण मग पुरळ औषधाचं की विषाणूचं हे कुणी सांगावं? उरले ८८. त्यातल्या १८ जणांच्या अंगावर काही ना काही होतं. १४ जणांना लालसर पुरळ, तिघांना अंगभर गांधी, एकाला कांजिण्यांसारखे फोड. बहुतेक पोटापाठीवर. खाज नाही किंवा नावापुरती. आठ जणांना आजार सुरू होतानाच उठलेलं, दहा जणांना दाखल झाल्यावर. आजार किती जोराचा आहे याच्याशी पुरळाचा काही संबंध त्यांना दिसला नाही.

विषाणू तोच आणि आकड्यांत शंभरपट फरक. लेक्कोचा नमुना लहान आहे, नोंदी ठेवायची पद्धत वेगळी आहे, हे सगळं मान्य. तरी माझ्या मते मोठं कारण अगदी साधं आहे. एका ठिकाणी रुग्णाचा सदरा वर करून कुणीतरी पाहिलं, दुसरीकडं पाहिलं नाही. यात चिनी डॉक्टरांना दोष देण्याचा हेतू नाही. आपण नाशकात तरी कुठं पाहत होतो? पीपीई किटमध्ये घामानं निथळणारा, चष्म्यावर वाफ धरलेला निवासी डॉक्टर पाच फुटांवरून विचारणार, "काका, दम लागतो का?" आणि पुढच्या खाटेकडं वळणार. दवाखान्यात येणारा रुग्ण तर आम्हाला दिसतच नव्हता. दूरवैद्यकाचे नियम केंद्र सरकारनं २५ मार्च २०२० ला जाहीर केले आणि त्या दिवसापासून आमची ओपीडी व्हॉट्सॲपवर भरायला लागली. पुसट फोटोंची ओपीडी.

म्हणून या पुस्तकाचा विषय जेवढा पुरळाचा आहे तेवढाच पाहण्याचा आहे. हे मला पटलं आणि मी लिहायला बसलो.

आपल्या भाषेची एक गंमत इथं सांगायला हवी. आपल्याकडं साथीचे आजार अंगावर काय उठलं त्यावरून ओळखले जात. देवी, गोवर, कांजिण्या ही एकेकाळी घराघरातली नावं. आजीला ताप मोजता येत नसे, पण पोराच्या कानामागं पाहून ती गोवर सांगायची. देवीचे व्रण तोंडावर असलेली माणसं माझ्या लहानपणी पंचवटीत पावलोपावली दिसत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, त्यामुळं आज पन्नाशीच्या आतल्या कुणाच्या चेहऱ्यावर ते दिसणार नाहीत. नागीण, गजकर्ण, इसब, खरूज, घामोळं, गांधी, प्रत्येकाला वेगळा शब्द. इतकी शब्दसंपत्ती जवळ असताना करोनाच्या पुरळाला मात्र मराठीत नाव पडलं नाही. लोक नुसतं "उठलंय" म्हणाले आणि तेवढ्यावर भागलं. बरं, आपल्याकडं आजार अंगावर उठतो तसा अंगावर काढताही येतो. त्या दोन वर्षांत पुरळाच्या बाबतीत ही दोन्ही क्रियापदं एकाच वेळी खरी होती. उठलं आणि काढलं.

पुस्तकाचा पहिला भाग स्पेनमधल्या डॉक्टरांनी केलेल्या वर्गवारीवर उभा आहे, तर तिची ओळख करून देतो. एप्रिल २०२० च्या दोन आठवड्यांत त्यांनी देशभरातून ३७५ रुग्णांचे फोटो आणि माहिती जमवली आणि पुरळाचे पाच प्रकार पाडले. जवळजवळ निम्म्या, ४७ टक्के रुग्णांना सपाट किंवा किंचित उंच चट्टे होते, गोवरात दिसतात तसे. १९ टक्क्यांना गांधी. ९ टक्क्यांना बारीक पाण्याचे फोड, कांजिण्यांची आठवण करून देणारे. ६ टक्क्यांना त्वचेवर जाळीसारखी निळसर नक्षी, क्वचित काळी पडलेली कातडी. हे बहुतेक वयस्कर आणि गंभीर रुग्ण, यातले दहा टक्के दगावले. राहिले १९ टक्के, त्यांच्या पायांची बोटं सुजून जांभळी झाली होती. हीच ती जगभर गाजलेली 'कोविड टोज'. ही मंडळी तरुण, आजार सौम्य, आणि बोटं जांभळी झाली ती इतर लक्षणं ओसरताना.

या बोटांवर इतकं लिहिलं गेलं की थांबून चार शब्द बोललं पाहिजे. थंड हवेत बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग सूज येते, बोट जांभळं होतं, खाजतं, दुखतं. युरोपात हा जुना आजार आहे. आपल्याकडं त्याला रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही, कारण आपल्या पायांचा त्रास भेगांचा. करोनात हे कसं होत असावं याचा एक अंदाज असा: तरुणांचं शरीर विषाणू दिसताच इंटरफेरॉन नावाची रसायनं झटकन आणि भरपूर सोडतं, विषाणू आटोपतो, चाचणीत सापडतही नाही, पण त्या धुमश्चक्रीत बोटांच्या टोकाच्या रक्तवाहिन्या भाजून निघतात. दुसरा पक्ष म्हणतो, छे, पोरं लॉकडाउनमध्ये घरात बसून होती, थंड फरशीवर अनवाणी फिरत होती, बाकी काही नाही. चाचणी निगेटिव्ह येणं हा एकाच वेळी दोन्ही पक्षांचा पुरावा, त्यामुळं वाद मिटला नाही. नाशिककरांना या वादात फारसं हातपाय घालायचं कारण नव्हतं. आमच्या निफाडला जानेवारीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात हे खरं, पण करोनाच्या दोन्ही मोठ्या लाटा आमच्याकडं आल्या त्या सप्टेंबर २०२० आणि एप्रिल २०२१ मध्ये. एप्रिलात नाशकात फरशीवर अनवाणी चाललं तर बोटं जांभळी होत नाहीत, पोळतात.

युरोपचं चित्र आपल्या भिंतीवर टांगताना मोठी अडचण येते ती इथं. आमच्याकडं त्या महिन्यांत अंगावर काही उठायला करोनाच लागतो असं नव्हतं.

एप्रिल म्हणजे घामोळं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. त्याच एप्रिलात द्राक्षबागांची खरड छाटणी चालू असते, बाईमाणसं दिवसभर पाल्यात हात घालून उभी. बांधाला गाजर गवत. हे गवत पन्नासच्या दशकात पुण्याच्या आसपास पहिल्यांदा नजरेला आलं आणि सत्तरच्या दशकात पुण्यातल्याच डॉक्टरांनी त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचं वर्णन जगापुढं ठेवलं. तोंड, मान, कोपराच्या आतली बाजू, उन्हाला आणि वाऱ्याला उघडी राहणारी सगळी जागा जाड आणि काळपट होते, रात्रंदिवस खाजते. पुढं ऑक्टोबरची छाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. हातमोजे न घालता केलं तर कातडी सोलते, आणि पेस्टिंग करून आलेल्यानं संध्याकाळी दारूचा एक घोट जरी घेतला तरी तोंड लालबुंद होतं, छातीत धडधडतं. २०२० च्या ऑक्टोबरात, सप्टेंबरची लाट नुकती ओसरत असताना, असा एक लालबुंद माणूस दिंडोरीकडून मोटारसायकलवर आला. घरच्यांनी त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत बंद करायची तयारी केली होती. त्याला ना ताप, ना खोकला. मी दोनच गोष्टी विचारल्या, आज काय काम केलं आणि नंतर काय घेतलं. दुसऱ्या प्रश्नावर त्यानं बायकोकडं पाहिलं, आणि निदान झालं.

पावसाळ्यानंतर डेंग्यू. थायलंडमध्ये करोनाच्या सुरुवातीलाच एक रुग्ण अंगावरच्या रक्ताच्या बारीक ठिपक्यांमुळं डेंग्यूचा समजून ठेवला गेला, नंतर करोना निघाला. आपल्याकडं उलटं होण्याची धास्ती जास्त. ताप आहे, अंग दुखतंय, पुरळ आहे, म्हणून करोना वॉर्डात टाकायचं आणि प्लेटलेट्स मोजायच्या राहून जायच्या. चिकुनगुन्या तर नाशिक जिल्ह्यानं २००६ पासून पाहिलेला. त्यात पुढं नाकाच्या शेंड्यावर काळपट डाग राहतो. जाणती माणसं त्यावरून ओळखतात.

आणि औषधं. लेक्कोच्या डॉक्टरांनी ज्यांना बाजूला काढलं, तसे रुग्ण आम्ही बाजूला काढायचं ठरवलं असतं तर मागं कुणी उरलंच नसतं. ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, फॅविपिरॅविर, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आयव्हरमेक्टिन, वर शेजाऱ्यानं दिलेला काढा. यातल्या दोन औषधांचं मला विशेष वाईट वाटतं, कारण ती आमची, म्हणजे त्वचारोगवाल्यांची. आयव्हरमेक्टिन आम्ही खरजेसाठी देत आलो. मे २०२१ मध्ये गोवा सरकारनं ते १८ वर्षांवरच्या सगळ्यांना द्यायचं जाहीर केलं. पुढच्या मोठ्या चाचण्यांत त्याचा करोनावर उपयोग दिसला नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ल्युपसच्या रुग्णांचा रोजचा आधार. मार्च २०२० अखेर ते दुकानांतून असं नाहीसं झालं की माझ्या ल्युपसच्या बायका मेडिकल ते मेडिकल हिंडत होत्या. त्यांच्या गालांवर पुन्हा उमटलेला लाल पट्टा विषाणूनं आणलेला नव्हता. पण करोनामुळं उठलेलं पुरळ म्हणून मोजायचं झालं तर मी तो आधी मोजेन.

आता रंगाचा मुद्दा. पुस्तकाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग तो आहे. सगळी पाठ्यपुस्तकं 'लाल पुरळ' म्हणतात. सावळ्या अंगावर लाल दिसत नाही. जांभळट दिसतं, काळपट दिसतं, कधी नुसतीच त्या जागची तकाकी गेलेली दिसते, आणि तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय तीही कळत नाही. करोनाच्या पुरळावर प्रसिद्ध झालेल्या ३६ लेखांतले १३० फोटो काही संशोधकांनी तपासले. ९२ टक्के फोटो गोऱ्या ते गव्हाळ कातडीचे निघाले. सर्वांत गडद अशा दोन वर्णांचा फोटो एकही नव्हता. म्हणजे मालेगावच्या यंत्रमागावरच्या किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाला पुरळ आलं असतं, तरी ते ताडून पाहायला जगात चित्रच नव्हतं. आणि ही अडचण पुरळापुरती थांबत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कातडीतून उजेड पाठवून मोजतो. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं गेलं की, यंत्र बरा आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात घसरलेला असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, तर कृष्णवर्णीयांत ११.७. हे वाचलं आणि मला तो मध्यरात्रीचा ८९ आठवला. तो ८९ होता की त्याहून कमी?

लेखिकेनं या भागात तपासणीच्या ज्या रीती दिल्या आहेत त्या जुन्याच आहेत, पण नव्या डॉक्टरांच्या हातून सुटत चालल्यात. तळहात, तळपाय, ओठांच्या आतली बाजू, डोळ्यांचा पांढरा भाग आधी बघा, तिथं रंग लपत नाही. पुरळावरून बोटांची मागची बाजू फिरवा, डोळ्यांना न दिसलेली उंची हाताला लागते. आणि काचेचा पेला घ्या. घरातला साधा, नक्षी नसलेला. त्याचं बूड डागावर घट्ट दाबून काचेतून पाहा. डाग मावळला तर रक्त अजून वाहिनीत आहे, पुरळ बहुधा साधं. मावळला नाही, तसाच बटणासारखा दिसत राहिला, तर रक्त वाहिनीबाहेर कातडीत उतरलंय. अशा माणसाला फोनवर सल्ला देत बसू नये. त्या दिवसांत मी कितीतरी घरांत व्हिडिओ कॉलवर पेला दाबायला लावला. एका आजोबांनी तर सवयीनं पेला पाण्यानं भरून आणला होता.

काळजी घेणाऱ्यांच्या कातडीवर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. तिथं मी रेंगाळत नाही, पण एक आकडा द्यायलाच हवा. चीनमध्ये करोनाशी झुंजणाऱ्या ५४२ डॉक्टर-परिचारिकांना विचारलं तेव्हा ९७ टक्क्यांच्या कातडीला इजा झालेली होती, सर्वांत जास्त नाकाच्या दांड्यावर. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या सिस्टरांना कुणी विचारलं नाही. सॅनिटायझरनं सोललेल्या हातांना त्या घरी जाऊन खोबरेल लावत होत्या आणि सकाळी पुन्हा कामावर. शिवाय घरोघरी वाफ. पातेल्यात उकळतं पाणी, डोक्यावरून टॉवेल, शेजारी लहान मूल. पातेलं कलंडलं की मांडीपासून खाली सगळं भाजलेलं. बाजाराच्या तोंडाशी लोकांच्या अंगावर जंतुनाशक उडवणारे बोगदे उभे राहिले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये सांगावं लागलं की बाबांनो, हे औषध फरशीचं आहे, माणसाचं नाही.

करोना गेल्यावर जे आलं त्याची प्रकरणं वाचकांनी स्वतःच वाचावीत. केसांचं मात्र थोडं सांगतो, कारण त्यानं बायका सर्वांत जास्त घाबरल्या. आपल्या डोक्यावरचे शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद केस एका वेळी वाढत असतात, बाकीचे विश्रांतीवर. मोठा ताप आला की वाढणारे बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोनतीन महिन्यांनी एकदम गळतात. एप्रिलातला ताप जुलैत फणीत सापडतो. आषाढात आलेल्या बाया प्लास्टिकच्या पिशवीत केस गोळा करून आणत, मोजून दाखवत. विषाणूचा त्यात नवीन डाव काही नव्हता, बाळंतपणानंतरही असंच होतं. सहाएक महिन्यांत केस परत येतात, हे मी दिवसातून वीस वेळा सांगत होतो.

काळ्या बुरशीचं तसं नाही. मधुमेह, त्यावर भरपूर स्टिरॉइड, आणि नाकाशेजारी गालावर आलेला बधिरपणा, मग सूज, मग काळा पडत जाणारा डाग. मे २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितलं, त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी लोक रांगा लावत होते. पाठीवरच्या पुरळाकडं दुर्लक्ष केलं तर सहसा काही बिघडत नाही. गालावरच्या या डागाकडं केलं तर डोळा जातो, माणूसही जातो. सगळं पुरळ एका तागडीत तोलू नये ते यासाठी.

लहान मुलांचंही तेच. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी मूल पुन्हा तापतं, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत, ओठ फुटतात, अंगावर पुरळ, पोटात दुखतं. हे चित्र जपानच्या तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेल्या मुलांच्या आजाराच्या जवळ जातं. नव्वदी ओलांडलेले कावासाकी जून २०२० मध्ये वारले, तेव्हा जगभरचे बालरोगतज्ज्ञ त्यांच्याच आजाराची वर्णनं नव्यानं काढून वाचत होते. अशा मुलाचं हृदय तपासावं लागतं. इथं पुरळ म्हणजे दारावरची थाप.

मग साध्या पुरळाला काही अर्थ आहे की नाही? ब्रिटनमध्ये तीन लाखांहून जास्त लोकांनी मोबाइल ॲपवर रोजची लक्षणं नोंदवली होती. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ८.८ टक्क्यांना पुरळ होतं. पण निगेटिव्ह आलेल्यांतही ५.४ टक्के लोकांना होतंच. म्हणजे नुसत्या पुरळावरून करोना म्हणणं धाडसाचं. दुसऱ्या बाजूनं, पॉझिटिव्ह आणि पुरळवाल्यांत १७ टक्के असे होते की सगळ्यात आधी पुरळच उठलं, आणि २१ टक्क्यांना पुरळाशिवाय दुसरं लक्षणच नव्हतं. यांना कुणी घरी बसवलं असतं तर साखळीच्या काही कड्या तुटल्या असत्या. माझं मत विचाराल तर करोनातलं पुरळ हा कच्चा साक्षीदार आहे. एकट्याच्या जबानीवर निकाल देऊ नये, पण त्याला कोर्टाबाहेरही बसवू नये.

लेखिकेनं शेवटचं प्रकरण मालेगावला दिलंय. करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल-मे २०२० मध्ये मालेगावचं नाव रोज बातम्यांत होतं. मला वाटलं त्या दिवसांची गोष्ट असेल. पण तिनं घेतलंय २०२२ चं वर्षअखेर. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईतली गोवंडी, भिवंडी आणि आपलं मालेगाव इथं गोवराची साथ आली. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात, दुसरी दीड वर्षाच्या आसपास. करोनाच्या दोन वर्षांत अंगणवाड्या बंद, आशाताई करोनाच्या सर्वेक्षणावर, आणि लोक दवाखान्याच्या नावानं घाबरलेले. जी मुलं तेव्हा जन्मली त्यातल्या कित्येकांची सुई राहून गेली. ती राहिलेली सुई २०२२ मध्ये अंगावर उठली. कानामागून सुरू होऊन तोंडावर, मग छातीवर, मग पायांकडं उतरत जाणारं, नाव असलेलं, आजीला ओळखू येणारं पुरळ. साथीच्या वस्त्यांमध्ये मुलांना जादा डोस द्यावा लागला आणि जिथं नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडत होती तिथं सहा महिन्यांपासूनच लस द्यायचं ठरलं. हेही करोनाचंच पुरळ, असं लेखिका म्हणते. पुस्तकाच्या विषयात ते बसतं का यावर आमचं फोनवर अर्धा तास भांडण झालं. मी म्हणालो, हे ओढूनताणून आहे. ती म्हणाली, "सर, तुम्ही ल्युपसच्या बायकांचा पट्टा मोजलात ना? मग ही पोरं का नाही?" प्रकरण राहिलं.

एक व्यावहारिक सूचना. पुस्तकातले फोटो रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मोबाइलवर काढलेले आहेत, निम्म्याहून जास्त रात्री, ट्यूबलाइटखाली. छापताना रंग सुधारायचा मोह लेखिकेनं टाळला, कारण डॉक्टरांच्या मोबाइलवर ते असेच येणार. तेव्हा वाचताना दिवा बंद करा, पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसा, आणि पान थोडं तिरपं धरा. पान ३१ वरची पाठ सरळ पाहिलीत तर नुसती सावळी पाठ दिसेल. तिरपं धरल्यावर कमरेच्या वर डावीकडून चट्टे दिसायला लागतात.